कोरडवाहू जेवण

बालाघाटाच्या डोंगरात उगम पावलेल्या नद्या पूर्वेकडे वाहतात आणि तिथले मास्तर पश्चिमेकडे. मांजरा पाटोदा तालुक्यातून निघते ती पूर्वेची वाट धरून शेवटी गोदावरीला मिळते. सिंदफणाही गोदावरीतच जाते. पण डी.एड. झालेला केजचा, धारूरचा, वडवणीचा पोरगा वळकटी बांधतो तो कोकणाकडे तोंड करून. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर इथल्या जिल्हा परिषद शाळांतून मराठवाड्याच्या गुरुजींची गणती करायला बसलं, तर हजेरीपटाची पानं कमी पडतील. हे गुरुजी वर्षानुवर्षं भातखाचरांच्या बांधावरून छत्री सावरत शाळेत जातात आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीत आपलं नाव शोधत म्हातारे होतात. या ओघाच्या उलट पोहणारा मासा क्वचितच सापडतो. तो मासा मी आहे. दापोली तालुक्यातल्या, हर्णैच्या बंदराजवळच्या गावातून मला पवित्र नावाच्या पोर्टलनं उचललं आणि बीड जिल्ह्यात आणून सोडलं. शिक्षकभरतीच्या पोर्टलला हे नाव देणाऱ्या माणसाजवळ श्रद्धा होती की विनोदबुद्धी, याचा विचार मी एसटीच्या त्या लांबलचक प्रवासात पुष्कळ केला.

निघताना वाडीत जी कुजबुज झाली, ती माणूस परदेशी निघाल्यावर होते त्याहून जास्त चिंतेची होती. आमच्या वाडीतून कुवेतला, दुबईला, मस्कतला गेलेली माणसं आहेत, पण त्यांच्या जेवणाची काळजी कुणी केल्याचं मला आठवत नाही. आखातात तांदूळ मिळतो, मासळी मिळते, मग तो परदेश कसला? परदेश म्हणजे जिथं भात नाही तो. आईनं नकाशात बीड शोधलं, बीडपासून समुद्रापर्यंतचं अंतर बोटानं मोजलं आणि काही न बोलता आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुकट बांधायला घेतली. सुकटीच्या डब्यावर तिनं एकावर एक इतक्या पिशव्या चढवल्या की तो वास निसटला तर घाटावर पकडून दंड करतात, अशी तिची समजूत असावी.

माझं नोकरीचं गाव केज आणि धारूरच्या मधल्या डोंगरपट्ट्यात आहे. आमच्याकडे एकट्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा इथं सबंध वर्षात पडत नाही. त्यामुळे इथली माणसं भेटल्यावर हवापाण्याची विचारपूस करत नाहीत. हवा भरपूर आहे आणि पाण्याचा विषय काढला की बोलणं लांबतं. ती विचारतात, "भाकर खाल्ली का, सर?" सकाळी आठला विचारतात, भर दुपारी विचारतात, अंधार पडताना मोटारसायकलवरून पुढं जाता जाता मान वळवून विचारतात. याचं उत्तर 'हो' असं द्यायचं असतं आणि ते ऐकायला विचारणाऱ्यानं थांबायचं नसतं. मी पहिल्याच आठवड्यात एकाला खरं उत्तर दिलं, की अजून नाही. त्यानं मोटारसायकल वळवली, मला मागं बसवलं आणि थेट आपल्या घरच्या ओसरीवर नेऊन उतरवलं. तेव्हापासून मी उत्तर जपून देतो. भूक लागली असेल तेव्हा मात्र खरं बोलतो.

मी राहतो त्या खोलीची भिंत घरमालकांच्या स्वयंपाकघराला लागून आहे. भल्या पहाटे त्या भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू येत. थांबून थांबून, एका लयीत, कुणीतरी एकट्यानंच कुणाचं तरी कौतुक करत बसावं तशा. त्या घरमालकांच्या आईच्या भाकरी थापण्याच्या होत्या. त्यांना सारं गाव आजी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांच्या चुलीपाशी बसून ते कौतुक समोरून पाहिलं. गव्हाच्या कणकेला चिकटपणा असतो, ती कुणाचंही ऐकते. ज्वारीचं पीठ तसं नाही. त्याला आधणाचं पाणी घालून, तळव्याच्या मुळानं रगडून समजूत घालावी लागते, आणि तरीही कडेला चीर पाडायची ती पाडतंच. आजी ती चीर बोटानं अशी मिटवतात की भांडणाऱ्या दोन पोरांची त्यांनी आयुष्यभर हीच सोय केली असणार. मग तव्यावर टाकलेल्या भाकरीवरून पाण्याचा हात फिरतो, ती उलटते, तव्यावरून उतरून आरापाशी उभी राहते आणि फुगते. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटताना जी वाफ येते, तिच्यात पाऊस न पडलेल्या जमिनीचा वास असतो. पाऊस पडल्यावरचा वास कवींनी केव्हाच वाटून घेतला आहे. हा दुसरा वास अजून मोकळा आहे.

पण ही गोष्ट भाकरीपाशी थांबत नाही. तिच्याबरोबर जे येतं त्यानं मला जास्त विचारात पाडलं. पहिल्या दिवशी आजींनी माझ्या हातावर भाकरी ठेवली, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, चटणीत अंगठ्यानं खळगा आणि खळग्यात कच्चं तेल. शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा. मी ताटाची वाट पाहत होतो. ताट हातातच होतं आणि ते मी खायचं होतं. त्यानंतर हळूहळू सारं गोत भेटत गेलं: लसूण आणि लाल मिरच्यांचा रंजका, कारळाची चटणी, जवसाची चटणी, कण्या घातलेली अंबाडीची भाजी, शेतातून उपटून आणून नुसत्या मिठाशी खायची पाथरी, दह्याबरोबर धपाटे, आणि घाईच्या सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला. सुशीलाच्या नावावरचा विनोद बाहेरून आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं करून संपवलेला आहे, म्हणून मी तो करत नाही. येसराची आमटी तेवढी पातळ असते. पण येसर हेही मुळात भाजून, दळून डब्यात भरून ठेवलेलं पीठच. अवचित पाहुणा आला की त्यावर पाणी ओतायचं. पाहुणा आला नाही, तर ते महिनोन्महिने कोरडं राहून त्याची वाट पाहतं.

एक दिवस माझ्या लक्षात आलं, की आमचं जेवण ओतायचं असतं आणि यांचं बांधायचं. आमच्या कोकणात सारं काही वाहतं. कालवण वाहतं, सोलकढी वाहते, भाताची पेज तर वाहण्यासाठीच जन्माला येते. ते जेवण घर सोडून कुठं जाऊ शकत नाही. त्याला खोलगट ताट लागतं, मांडी घालून बसायला जागा लागते, आणि जेवल्यावर ओटीवर लवंडण्याची मुभा लागते. आमटी फडक्यात बांधून कुणी डोंगर चढल्याचं मी ऐकलेलं नाही. इथलं जेवण मात्र निघण्याच्या तयारीत असतं. भाकरी, चटणी, कांदा, फडक्याला गाठ, झालं. ते शेतावर जातं, रानात जातं, एसटीच्या फळीवर जातं, दोन दिवसांनी उघडलं तरी ओळख देतं. रब्बीची ज्वारीच मुळी अशी, की पाऊस निघून गेल्यावर पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या त्याच्या आठवणीवर वाढवायची. अशा कोरडवाहू पिकाचं जेवणही कोरडवाहूच असणार.

कोकणी वाचक इथं हळहळला असेल, म्हणून सांगतो, की मला भात मिळतो. रोज, दुपारच्या सुट्टीत, शासनाच्या खर्चानं. शालेय पोषण आहार योजना 1995 साली देशभर सुरू झाली. 2021 साली तिचं नाव बदललं, पण मुलांच्या लेखी ती खिचडीच राहिली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं तो आहार चाखायचा आणि चव रजिस्टरमध्ये अभिप्राय लिहायचा, असा नियम आहे. सरकारी दफ्तरातली ही एकच वही मी मन लावून लिहितो. आधीच्या गुरुजींनी पानंच्या पानं 'उत्तम' लिहिलं होतं, खाली पुन्हा 'उत्तम', त्याखाली दोन टिंबांची खूण. मी आल्यावर 'मटकी किंचित कच्ची, परंतु फोडणी हृद्य' असं लिहिलं. स्वयंपाकी मावशींनी एका मुलाकडून ते वाचून घेतलं, 'हृद्य' म्हणजे हृदयाचा काही आजार असावा असं ठरवलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी 'उत्तम' लिहिलं आणि मला खिचडीचा वरचा डाव मिळाला. ज्या जिल्ह्यात भाताचं खाचर शोधावं लागतं, तिथं मुलांबरोबर रांगेत बसून रेशनच्या तांदळाची खिचडी खाताना मला दर वेळी लहानपणीचे, आमच्या कोकणातल्या शाळेतले गुरुजी आठवतात.

ते बीडचेच होते. बीडचे म्हणजे नेमके कुठले, हे आम्हा पोरांना माहीत नव्हतं. आम्ही त्यांना 'घाटावरचे' म्हणत असू, आणि घाटावर म्हणजे सगळं एकच गाव अशी आमची कल्पना होती. शिक्षणसेवकांचा तो सुरुवातीचा काळ, महिन्याला 3,000 रुपये मानधनाचा. शाळेत तेव्हा खिचडी शिजत नसे, हजेरी पुरी भरली की मुलाला महिन्याला 3 किलो तांदूळ घरी नेता येई. तो तांदूळ मोजून द्यायचं काम गुरुजींकडे होतं. मापाच्या डब्यावरचा ढीग ते पट्टीनं असा सपाट करत की एक दाणा इकडचा तिकडे होत नसे. स्वतः मात्र मे महिन्याच्या सुट्टीहून येताना गावाकडून ज्वारीचं पोतं घेऊन येत. संध्याकाळी त्यांच्या खोलीवरून जाताना भाकरी थापल्याचा आवाज येई आणि आम्ही बाहेर उभे राहून त्याच तालावर टाळ्या वाजवत असू. पोरांना दुसरं काय सुचणार? वाडीतल्या बायका त्यांना ताजे बांगडे धाडत. ते नको म्हणत नसत, दोन्ही हातांनी थाळी घेत, आणि रात्री ते बांगडे आमच्या शेजारच्या मांजरीला मिळत. ती मांजर त्या वर्षी एवढी गुटगुटीत झाली, की मुंबईकर पाहुणे तिची जात विचारू लागले. दमट हवेनं पावसाळ्यात त्यांच्या पोत्याला जाळी धरे. उन्हाची तिरीप आली की गुरुजी शाळेच्या अंगणात चटई पसरून ज्वारी वाळत घालत, आम्हाला पाढे म्हणायला लावत आणि स्वतः दाण्यांवरून हात फिरवत बसत. तो हात आता मला कळतो.

मासळीचं विचाराल, तर तीही इथं आहे. सिंदफणेवर माजलगावचं मोठं धरण आहे, तिथले राहू आणि कटला बाजाराच्या दिवशी येतात. मी एकदा आणले. चांगले होते, सभ्य होते, पण समुद्र न पाहिलेल्या माशाच्या चेहऱ्यावर एक तऱ्हेचा निरागसपणा असतो, तो आमसुलानंही जात नाही. राहिलेली सुकट मी एका रविवारी दारं-खिडक्या लावून भाजली. सोमवारी शाळेत सातवीतल्या एका मुलीनं अतिशय आदरानं विचारलं, "सर, तुमच्या खोलीत काई मेलंय का?"

आजींनी मात्र माझ्या सामानातली एक गोष्ट लगेच ओळखली. आईनं दिलेलं कुळथाचं पीठ मी त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "हे तर हुलगं हाय की! तुमच्यात बी गरिबी हाय व्हय?" आमच्याकडे कुळथाची पिठी भातावर येते, पावसात, मासेमारी बंद असताना. इथं त्याच हुलग्याचं माडगं होतं, थंडीत, गूळ घालून, आणि शेंगोळे होतात लसणाच्या झणझणीत रश्श्यात. एकाच दाण्यानं सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना संसार मांडलेला आहे आणि दोन्हीकडे तो अडचणीच्या दिवसांतच घरी येतो. त्या संध्याकाळी आमच्यात चूल वाटून घेण्याचा करार झाला: मी पिठी केली, त्यांनी भाकरी. पिठी त्यांनी भाकरी चुरून खाल्ली, चार घास नीट चावले आणि सांगितलं, "बरी हाय. आजाऱ्याला चांगली." आईला मी फोनवर फक्त पहिलं वाक्य कळवलं.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. शाळेत तक्ते आले, घोषवाक्यं आली, पाककृतींची स्पर्धा घ्या असं पत्र आलं. ज्वारी-बाजरी खाल्ल्यानं काय काय फायदे होतात, हे मी एका अशा सभेला समजावून सांगितलं, जिच्यातल्या प्रत्येक बाईनं त्या दिवशी सकाळी दहाच्या आत भाकरी थापलेल्या होत्या. आजी पहिल्या रांगेत होत्या. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "जगानं एकच वर्ष ठरवलंय? मग पुढच्या साली काय खायाचं म्हणं?" आणि मग स्वतःशीच हसत 1972 च्या दुष्काळाचं सांगू लागल्या. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "भाकर थापायला गेलं की हातातच फुटायची. तिला आपली भाषाच येत नव्हती." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. परमुलखात येऊन पडलेल्या धान्याबद्दल त्यांच्या बोलण्यात थोडी कणवच होती.

सीताफळं येऊन जातात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण डोंगरउतारावरच्या झाडांना ते अजून कळलेलं नसावं, कारण पोरं शाळेत येता येता खिसे भरून आणतात आणि माझ्या टेबलावर बियांचा शेरा ठेवून जातात. मग कणसं भरतात आणि हुरड्याचे दिवस येतात. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसं तिच्यात खुपसायची, गरम कणीस तळहातावर चोळायचं आणि निघालेले हिरवे दाणे फुंकून तोंडात टाकायचे. शेजारी कुणीतरी हरभऱ्याचा हुळा भाजत असतं, ओठ काळे होतात आणि गप्पांना हंगाम येतो. शहरात यासाठी माणशी पैसे घेतात म्हणे. इथं अट एकच, भाजणाऱ्यानं आधी दुसऱ्याच्या हातावर दाणे द्यायचे. मी या जेवणाच्या पूर्ण प्रेमात पडलो तो इथंच, धुरानं डोळे चुरचुरत असताना.

पण हुरड्याला बसलेल्या माणसांत आईबाप थोडे असतात, हे मला पुष्कळ उशिरा दिसलं. दिवाळी सरली की मुकादमाच्या गाड्या येतात. उचल घेतलेली जोडपी, ज्यांना इथं एक कोयता म्हणतात, ऊसतोडीला निघतात. सांगली-कोल्हापूरकडे, पुण्याच्या बाजूला, खाली कर्नाटकात. त्या आधीच्या रात्री गावात कुणी झोपत नाही. घराघरातून थापण्याचा आवाज येत राहतो. पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंथरुणं, पत्रे, कोंबड्या चढतात आणि सगळ्यांच्या वर भाकरींची गाठोडी. बांधता येणारं जेवण हे का आणि कुणासाठी जमून आलंय, ते तिथं रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही. कोकणातूनही माणसं गेली, गिरणीत गेली, बोटीवर गेली. पण आमचं जेवण मागंच राहिलं आणि माणसं त्याच्या आठवणी काढत बसली. हे लोक ते बरोबर घेऊन जातात. याला सुख म्हणावं की दुःख, ते माझं मला ठरवता आलेलं नाही.

मुलांपैकी काही ट्रॉलीवर जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. राहिलेल्यांच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृह चालतं, आणि त्या दिवसांत संध्याकाळी माझा मोबाइल माझा नसतो. फडातून दिवसभराची तोड संपवून आलेले आईबाप फोन लावतात आणि पोरं रांगेनं बोलतात. अभ्यासाचं कुणी विचारत नाही. मी शिक्षक म्हणून सुरुवातीला याचं थोडं वाईट वाटून घेतलं, मग सोडून दिलं. काय खाल्लं, किती खाल्लं, गरम होतं का, वरणात डाळ होती का, एवढंच बोलणं असतं आणि ते पुरतं. चौथीतला एक पोरगा आईला रोज चार भाकरी खाल्ल्याचं सांगतो. तो दीड खातो. आईला ते ठाऊक आहे, म्हणून ती शेवटी फोन माझ्याकडे द्यायला लावते आणि मी सरकारी गांभीर्यानं "तीन" असा मधला आकडा देतो. परवा ती म्हणाली, पाडव्याला आलो की शेंगोळे करते, पोराला आवडतात, तुम्हीबी या. मी येतो म्हटलं आणि फोन पोराकडे दिला. तो हात तोंडाशी धरून, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुजबुजला, "माय, सरला लसूण लई घालू नको. त्यांना रडू येतंय अन् मग ते पाणी पिऊन पिऊन जेवत न्हाईत."